चुकून गेलेली मेंढरं

बाजाराच्या ऐन मध्यावर, हिमरू शालींच्या दुकानासमोर, मुंजाबाचे पाय थांबले. त्याचा हात त्रिंबकाच्या हातात होता, तेव्हा त्रिंबकालाही थांबावं लागलं. मागून येणारं एक कुटुंब भेळेचे द्रोण सांभाळत त्यांना वळसा घालून गेलं. म्हातारा खाली बघत नव्हता. बघून त्याला दिसणारही नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तो दोन दिवस जेवायचा नाही. त्यानं एका पायातली वहाण काढली, चकचकीत फरशीवर अनवाणी पाऊल टेकलं, टाच जरा दाबली आणि म्हणाला, "उतार लागला रे, तिरमक. हितून खाली पानी जायाचं लवण हाये."

त्रिंबक घाईनं म्हणाला, "फरशी हाये आबा. बसवणाऱ्यानं तिरपी बसवलीया. वहाण घाला, पाय पोळंल." जानेवारी महिना, संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, उन्हात उभं राहिलं तरी अंगात स्वेटर हवासा वाटत होता, पाय कशानं पोळणार होता? पण घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो. म्हाताऱ्यानं वहाण घातली नाही. ती काखेत मारली आणि दुसरीही काढून तिच्यासोबत ठेवली.

चूक त्रिंबकाचीच होती. कंपनीनं कामगारांना सहकुटुंब सहल जाहीर केली, नोटीस बोर्डावर 'नंदनवन' हे नाव वाचलं, तेव्हाच सुपरवायझरला सांगायला पाहिजे होतं की पोरगी आजारी आहे, पाहुणे येणार आहेत, काहीही. पण दोन्ही पोरींनी आकाशपाळण्याचा ध्यास घेतला. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायका त्याच्या बायकोला, मंजुळेला, विचारू लागल्या की तू कुठली साडी नेसणार. मग आबांचं काय, हा प्रश्न आला, आणि मंजुळा म्हणाली की त्यांना दिवसभर एकटं ठेवून मला पाळण्यात बसवणार नाही, न्यायचं तर सगळ्यांना न्या. त्या वेळी त्रिंबकाच्या मनात आलं, म्हाताऱ्याला दिसतंय कुठं? नवा डांबरी रस्ता गावाला वळसा घालून पाठीमागून येतो. गाणी वाजतात, गर्दी असते. बसवू एका बाकावर, देऊ हातात कुल्फी, आणू परत. धनगराच्या पोटी जन्माला येऊन त्यानं असा विचार केला. पंधरा वर्षं सिमेंटच्या सपाट जमिनीवर मशीनसमोर उभं राहून तो विसरला होता की मेंढरामागं चालणारा माणूस रान डोळ्यांनी ओळखत नाही. डोळे मेंढरांवर असतात. रान पायाला कळतं, वाऱ्याला कळतं, पाणी कुठल्या अंगाला जाईल ते पोटरीला कळतं.

कारण हे गायरान होतं. देवगाव रंगारीच्या अलीकडे त्यांचं गाव, गावाच्या उगवतीला हा माळ, आणि माळावर आता हे सगळं: दुतर्फा दुकानं, पैठण्या, चांदीचं नक्षीकाम केलेल्या काळ्या सुरया, डोशाच्या तव्यापुढं लागलेली रांग, वाकडंतिकडं दाखवणारे आरसे, कळसूत्री बाहुल्यांचा तंबू, आणि प्रत्येक खांबाला एक भोंगा. दोन वर्षांपूर्वी शिफ्टमधल्या एकानं पेपरातली जाहिरात दाखवली होती. त्रिंबकानं नकाशा पाहिला, मालकाचं नाव पाहिलं, आणि डबा तसाच झाकून ठेवला. त्या दिवशी त्याला घास गेला नाही. गावच्या पुढाऱ्यानं, नानासाहेबानं, शेंडी लावली. शब्द दिला होता नानासाहेबानं, पारावर उभा राहून, गळ्यातल्या माळेला हात लावून, की हे गायरान मेंढरांचं आहे आणि मेंढरांचंच राहील. राग आला, लई आला. पण खोटं कशाला बोला, त्या रागात एक सुखही होतं. फसवल्या गेलेल्या माणसाकडं कुणी बोट दाखवत नाही. त्रिंबक ते सुख दोन वर्षं चघळत होता.

बापाला मात्र त्यानं काही सांगितलं नव्हतं. आई गेल्यावर, दृष्टी अधू झाल्यावर, शहाऐंशी साली उरलीसुरली मेंढरं विकून मुंजाबा मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत राहायला आला, तेव्हा माळ जागच्या जागी होता. तेव्हापासून ओट्यावर बसून त्याचा एकच प्रश्न: "गायरान कसंय रे यंदा?" आणि त्रिंबकाचं एकच उत्तर: "हिरवंगार हाये. पवन्या गवत गुडघ्याला लागतंय." गावाकडचं कुणी आलंच तर त्रिंबक त्याला कोपऱ्यावरच गाठायचा, चहा पाजायचा, आणि म्हाताऱ्यासमोर माळाचा विषय काढू नका, त्यांना सोसत नाही, असं बजावूनच घरात आणायचा. लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. बापाला किती जपतो म्हणायचे.

"वारा बी त्योच," मुंजाबा म्हणाला. आता तो पुढं होता. ज्या हाताला धरून त्रिंबकानं त्याला इथवर आणलं, त्याच हातानं म्हातारा त्याला ओढून नेत होता. खेळण्यांच्या दुकानापाशी डावीकडे, पाण्याच्या कारंज्याला वळसा, मग सरळ खाली. भोंग्यात गाणं संपलं आणि कुणाची तरी चप्पल हरवल्याची सूचना झाली. "हितं बाभळ व्हती," म्हातारा एका दिव्याच्या खांबापाशी पुटपुटला. त्रिंबकाला ओरडून सांगावंसं वाटलं की चला माघारी, पोरी वाट बघत असतील. पण तो मागोमाग चालत राहिला. उतार संपला तिथं कुडाच्या भिंतीचं एक हॉटेल होतं, पाटीवर लिहिलं होतं 'धनगरवाडा, अस्सल ग्रामीण भोजन'. दारात प्लास्टरची पाच मेंढरं उभी होती. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, पोरांच्या पुस्तकात असतात तशी. मुंजाबाच्या अख्ख्या खांडात असलं एक मेंढरू नव्हतं. ती सगळी काळी, तांबडी, उन्हात रापलेली, हाडांची काटक. लोक प्लास्टरच्या मेंढराच्या गळ्यात हात घालून फोटो काढत होते. त्यांच्या शेजारी, शोभेला म्हणून, सिमेंटमध्ये एक लांबट दगड बसवला होता. त्यावर दोघीजणी बसून मक्याचं कणीस खात होत्या. म्हातारा जवळ आला तशा त्या उठल्या. त्यानं वाकून दगडावर तळवा ठेवला.

त्याचा हात दगडावरून फिरला, एका खळग्यातून दुसऱ्या खळग्यात. दर अमावास्येला या दगडावर खडेमीठ मांडायचं आणि मेंढरांनी ते चाटायचं, त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. त्या जिभांनी दगडाला असे खळगे पाडले होते, आतून काचेसारखे गुळगुळीत. म्हाताऱ्याचा हात तिसऱ्या खळग्यात थांबला. तो दगडावर बसला आणि वहाणा मांडीवर घेतल्या.

"कुनी केलं ह्ये?"

"नानासाहेबांनी."

"कवा?"

"दोन वर्सं झाली असत्याल."

"म्हंजी तुला म्हाईत व्हतं."

त्रिंबक त्याच्या शेजारी बसला. आता शिव्या येतील, काठी तर जवळ नाही पण हात उठेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. म्हाताऱ्यानं चाचपत त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. "मला दुख नको म्हनून झाकलं व्हय? झाकलंस, जाऊ दे. म्या बी तुझं झाकलं व्हतं. चारा ऱ्हावा म्हनून तू केलं, आन् म्या पोटात घातलं. आता चारा बी गेला. दोघं बी फसलो, लेका." आणि तो गुडघ्यावर थोपटत राहिला, लहानपणी ताप आल्यावर थोपटायचा तसा.

पंधरा वर्षांत बापानं त्या गोष्टीचा एका शब्दानं उच्चार केला नव्हता. अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि चार दिवसांत मराठवाड्याला आगी लागल्या. गावातही पारावर माणसं जमायला लागली, रोज वेगळी, रोज जास्त. या माळाच्या खालच्या अंगाला, लवणाच्या काठी, कडुबानं बहात्तरच्या दुष्काळानंतर गायरानातलेच चार एकर फोडले होते. दगड वेचून वेचून त्याच्या बायकोची नखं गेली होती. कडुबा बौद्धवाड्यातला, मुंजाबाच्या बरोबरीचा. गावाला दाखवायला दोघं लांब लांब बसायचे आणि माळावर आले की एका भाकरीचे दोन तुकडे करायचे. मेंढरांना पाण्यावर जायला कडुबानं पिकातून वाट सोडली होती. त्याबदल्यात काढणी झाली की मुंजाबा त्याच्या रानात खतासाठी खांड बसवायचा, पायलीभर दाणाही न घेता. त्रिंबकाला नोकरीचा अर्ज लिहून द्यायला कडुबाचाच पोरगा पुंजाराम बसला होता, याच दगडावर, मोत्यासारख्या अक्षरात.

त्या सकाळी मूग फुलावर आलेला होता. पानांवर दव होतं, मेंढरांची तोंडं ओली झाली होती. दीडशे मेंढरं वाटेवर थांबली, कारण वाटेच्या बाहेर जायचं नाही हे त्यांना शिकवलेलं होतं. त्रिंबकानं हाळी दिली. तरी ती थांबली. मेंढरांना इतकी समज असते, आणि माणसाला नसते. त्यानं पुन्हा हाळी दिली, मग पहिल्या मेंढीला पायानं ढकललं, आणि मग सगळं खांड मुगात उतरलं. खाण्याचा आवाज. तो आवाज त्याला अजून मशीनच्या आवाजातून कधीकधी ऐकू येतो, हजार जण एकदम कागद फाडतायत असा. दोन तासांत चार एकर साफ झाले. त्याच रात्री बौद्धवाड्यातली सहा घरं जळाली. त्यात त्रिंबक नव्हता. मी काडी लावली नाही, हे वाक्य त्यानं स्वतःला इतक्या वेळा म्हणून दाखवलं होतं की त्याचा अर्थ झिजून गेला होता. चार दिवसांनी फौजदार आला. रानात मेंढरं कुणी घातली? तेव्हा मुंजाबा पुढं झाला आणि फौजदाराच्या देखत, कडुबाच्या देखत म्हणाला, "मला झोप लागली साहेब. मेंढरं चुकून गेली." कडुबा त्याच्याकडं बघत राहिला. "मुंजाबा, तू?" एवढंच म्हणाला. महिन्याभरात त्यानं बिऱ्हाड औरंगाबादला हलवलं.

शेतकऱ्यानं झोप लागली म्हटलं तर लोक हसून सोडून देतात. मेंढक्यानं म्हटलं की संपलं. ज्याला झोप लागते त्याचं खांड आपल्या रानात कोण बसवून घेणार? पंचक्रोशीत ज्या मुंजाबाला कार्तिकापासून बोलावणी यायची, त्याला लोक 'झोप्या' म्हणायला लागले. पोरंसोरं मागून घोरल्याचा आवाज काढायची. मेंढरं कमी होत गेली. म्हाताऱ्यानं ते सगळं अंगावर घेतलं, कारण त्याला वाटलं, पोरगं अडाणी, तापलेलं, चाऱ्यासाठी भांडलं. जात मेंढक्याची, चाऱ्यासाठी नाही भांडणार तर कशासाठी? आणि आज तो गुडघ्यावर थोपटून म्हणत होता, दोघंही फसलो. त्रिंबकाला वाटलं, खरंच आहे की. फसलोच आपण. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. बापाच्या शेजारी, एकाच दगडावर, एकाच माणसाकडून दगा खाल्लेले दोघं बसलेत, यात त्याला इतकं हलकं वाटलं की भोंग्यातलं गाणंसुद्धा बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात नानासाहेब आले. पांढरे कपडे, पांढरे केस, मागं ताट धरलेला एक माणूस, आणि ताटात तिळाच्या वड्या. कंपनीच्या मंडळींना ते जातीनं तिळगूळ वाटत फिरत होते. त्रिंबक उठून उभा राहिला. उठायचं नव्हतं त्याला, पण पाय उठले.

"अरे, त्रिंबक ना तू? आणि हे कोण, मुंजाबा? वळखलं का मला?"

"आवाज वळखला," मुंजाबा म्हणाला.

"घ्या, तिळगूळ घ्या, गोड बोला. आता तर नामांतरही झालं, संपला एकदाचा तंटा. कशाला डोकी फोडून घेतली कुणास ठाऊक." नानासाहेबांनी म्हाताऱ्याच्या हातावर वडी ठेवली. त्यांच्या बोलण्यात कसलाही कावा नव्हता; दिवस चांगला गेला होता, माणसं खूश होती. "लेक मात्र तुमचा गुणाचा निघाला, मुंजाबा. सतरा जण माझ्या दारात बसायचे तेव्हा, कंपनीत चिकटवा म्हणून. हाच एक मला म्हणाला, नाना, काय सांगाल ते करतो. म्हटलं, एका सकाळचं काम आहे, मेंढरं तेवढी खाली उतरव. केलं पठ्ठ्यानं. आणि मीही शब्दाला जागलो, पंधरा दिवसांत साहेबापुढं उभा केला याला. बापाला सांगितलंस ना रे तेव्हा?" उत्तराची वाट न बघता ते पुढच्या घोळक्याकडं वळले. त्रिंबकाच्याही हातात एक वडी राहिली.

म्हातारा हलला नाही. त्रिंबक खाली बसला, तेव्हा गुडघ्यावर हात परत आला नाही. प्लास्टरच्या मेंढरापाशी कुणीतरी "हसा, हसा" म्हणत होतं. त्रिंबकाला वाटलं, नानासाहेब दुसऱ्यांदा दगा देऊन गेला, आणि या वेळी सगळ्यांसमोर, हसत, तिळगूळ देऊन. माळ घेतला तो घेतला, निदान बाप तरी ठेवायचा.

"नोकरीसाठी," मुंजाबा म्हणाला.

"चाऱ्यासाठी बी व्हतं, आबा. त्यांनी सांगितलं व्हतं, गायरान ऱ्हाईल म्हनून. आईची आन."

"आदी काय व्हतं?"

त्रिंबकानं तोंड उघडलं. तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानं चिकलठाण्याच्या कारखान्यांचे दिवे एका लग्नाच्या ट्रकमधून पाहिले होते आणि त्याला आठवडाभर झोप आली नव्हती. पुंजारामनं लिहून दिलेला अर्ज खिशात घडीवर घडी होऊन फाटायला आला होता. नानासाहेबाच्या ओसरीवर गायरान हा शब्द निघाला तो शेवटी, निघताना, तांब्यातलं पाणी पिऊन झाल्यावर. हे सगळं त्याला लख्ख आठवलं. तो वडीवरचे तीळ नखानं खरवडत राहिला. म्हाताऱ्यानं हातातली वडी दगडाच्या खळग्यात ठेवली.

मंजुळा पोरींना घेऊन शोधत आली. पोरींची तोंडं आइस्क्रीमनं माखली होती, धाकटीच्या हातात फुगा होता. "कुठं गेले होते तुम्ही? बस सुटायची वेळ झाली," ती म्हणाली, मग दोघांची तोंडं बघून तिनं पोरींना मागं घेतलं. त्रिंबकानं बापाच्या दंडाला हात लावला. म्हाताऱ्यानं दंड सोडवून घेतला, झटका न देता, अंगावरचं कुसळ काढावं तसा. "मंजुळे, तू हात दे," तो म्हणाला. बसमध्ये तो तिच्याशेजारी खिडकीपाशी बसला. त्रिंबकाला मागं जागा मिळाली. सगळे गाण्याच्या भेंड्या खेळत होते. शहरात शिरताना ठिकठिकाणी पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि एका चौकात निळ्या झेंड्यांखाली माणसं अजूनही पेढे वाटत होती.

सोमवारी त्याची पहिली पाळी होती. सकाळी दाढी करून बाहेर आला, तर मुंजाबा पटका बांधून, नवं धोतर नेसून ओट्यावर तयार बसलेला. मंजुळा दाराला कुलूप लावायच्या तयारीत होती. पोरी शेजारी सोपवल्या होत्या.

"कुठं निघाला, आबा?"

"भीमनगरला. कडुबाकडं."

त्रिंबकाला भीमनगरातलं ते घर माहीत होतं. पुंजाराम त्याला गुलमंडीत दोनदा दिसला होता, दोन्ही वेळा त्यानं कापडाच्या दुकानात शिरून तोंड लपवलं होतं. "आता कशाला? इतकी वर्सं झाली. त्यांनला बी आठवत नसंल."

"मला आठवतंय न्हवं."

"काय सांगनार त्याला?"

"मला झोप लागली नव्हती म्हनून सांगनार."

म्हणजे मग कुणाचं नाव, हे त्रिंबकानं विचारलं नाही. विचारायला काही उरलं नव्हतं. सख्ख्या बापानं पंधरा वर्षं अंगावर धरलेलं घोंगडं काढून घेतलं, भर रस्त्यात उघडं केलं, असं त्याला वाटलं. दगा, त्याच्या मनात आलं, हाही दगाच. आणि मग त्याची त्यालाच इतकी लाज वाटली की मान वर करवेना. गल्लीच्या तोंडाशी कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. तो म्हाताऱ्याच्या पुढ्यात उकिडवा बसला, ओट्याखालची वहाण घेऊन त्याच्या पायात घालायला लागला. "थांबा आबा. आज खाडा करतो. मी नेतो तुमाला. मीच बोलतो त्याच्याशी."

मुंजाबानं पाय मागं घेतला.

"तू कामावर जा," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "त्याच्यासाठीच तर केलं व्हतंस." मग मंजुळेचा हात धरून तो ओट्यावरून उतरला, आणि दोघं सिटी बसच्या थांब्याकडं चालू लागले. त्रिंबक वहाण हातात घेऊन तसाच बसून राहिला. कंपनीच्या बसनं दुसऱ्यांदा हॉर्न दिला, तिसऱ्यांदा दिला, आणि ती निघून गेली.